व्हरांड्यातला कडुनिंब

आमच्या ऑफिसातली सगळ्यांत थंड जागा म्हणजे मागचा व्हरांडा, आणि पडायला झाली होती तीही नेमकी तीच. पुढचं सगळं ह्यातूनच झालं.

बालाघाटात तेव्हा बरीच सरकारी ऑफिसं जुन्या भाड्याच्या घरांत होती. आमचंही तसंच. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, कवेलूंखाली सागाच्या तुळया, आणि मागच्या अंगाला लांब व्हरांडा. त्याच्यावर अंगणातल्या जांभळाची सावली असायची. वैशाखात पुढच्या खोल्या इतक्या तापत, की फायलीला हात लावला तरी ती चुलीजवळून उचलल्यासारखी लागायची. म्हणून दुपारी सगळं ऑफिस मागे सरकायचं. डबे तिथे उघडायचे, चपराशी तिथे आडवे व्हायचे, पाण्याचे माठ तिथेच होते. खैरलांजी, रामपायलीकडून अर्ज घेऊन आलेली माणसं साहेबांची वाट पाहत तिथेच भिंतीला टेकून बसायची.

मी तेव्हा कनिष्ठ बाबू होतो. नवं राज्य होऊन, बालाघाट हिंदीकडे जाऊन काही वर्षं झाली होती. माझे चुलते नागपूरकडे निघून गेले, आम्ही इथेच राहिलो. ऑफिसचे कागद हिंदीत झाले होते आणि माझी हिंदी बरी म्हणून इमारतीच्या सूचना काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुठल्या खिडकीचं दार निखळलं आहे, कुठलं बटण हाताला झटका देतं, कवेलू फेरायला माणसं कधी येणार, हे सगळ्या कर्मचाऱ्यांना कळवायचं. काम हलकं समजलं जायचं. मीही ते हलकंच समजत होतो.

त्या उन्हाळ्यात एक ओव्हरसियर इमारत पाहायला आला. व्हरांड्यात स्टुलावर उभं राहून त्याने पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, तुळईत खुपसला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. "दीमक खा गई," पेचकसावरची वाळवीची माती दाखवत तो म्हणाला, "पूरी खोखली है. बदलने तक यहाँ कोई न बैठे." त्याचा अंदाजपत्रकाचा कागद जबलपूरकडे रवाना झाला. तिकडून मंजुरी येईपर्यंत तुळई जागच्या जागी राहणार होती.

बडे बाबूंनी मला बोलावलं. ते आमच्या ऑफिसचे हेड क्लार्क, सागर जिल्ह्याकडचे, बोलण्यात गोड. "आप सूचना निकाल दो. सबके दस्तखत ले लो. फिर कोई दब भी गया तो अपनी ज़िम्मेदारी नहीं."

ते हसत म्हणाले आणि मीही हसलो.

सूचना मी मन लावून लिहिली. समस्त कर्मचारियों को सूचित किया जाता है, अशी सुरुवात होती. सगळ्यांनी सह्या केल्या. एक प्रत मी व्हरांड्यातल्याच खांबावर खिळ्याने ठोकली. दुपारी पाहतो तर सगळं ऑफिस त्या खांबापाशी जेवत बसलेलं, आणि कुणीतरी सूचनेवरच्या खिळ्याला डब्याची पिशवी अडकवलेली.

आमचे जमादार, म्हणजे चपराशांचे मुखिया, तिरोडीकडच्या एका गावचे होते. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे.

"काका, तुम्ही सही केली ना?" मी विचारलं.

"केली ना जी."

"मंग इथं काहून बसले?"

"सही तं इथं बसूनच केली."

सगळे हसले. काका हसले नाहीत, त्यांनी माझ्यासाठी सरकून जागा केली.

"लाकूड आतून पोकळ झालं काका. ओव्हरसियर सांगून गेला."

"ओव्हरसियर मांगच्या साली म्हने, हीर आटन. आटली का? बसा बाबू, जेवून घ्या. भाजी थंडी होऊन राह्यली."

मी बसलो. हेही लिहायला हवं. मी त्या तुळईखाली बसून जेवलो.

दोन-चार दिवसांनी वरून मातीचं एक ढेकूळ आणि अर्धं कवेलू खाली आलं. रामपायलीकडचा एक म्हातारा अर्जदार भिंतीला टेकून बिडी ओढत होता, त्याच्या मांडीशेजारी पडलं. त्याने वर पाहिलं, वीतभर सरकला आणि बिडी ओढत राहिला. मी पुढच्या खोलीतून आवाज ऐकून धावलो होतो. त्या क्षणापासून माझं स्वास्थ्य गेलं.

कुठे काही कुरकुरलं की मी खुर्चीतून उठायचो. मागे जाऊन यायचो, परत बसायचो, एक ओळ लिहायचो, परत उठायचो. एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं. प्रत्येकाने मान डोलावली, हौ म्हटलं, आणि दुपारी तिथेच पथारी टाकली. मी दोरी बांधली. लोक तिच्याखालून वाकून जायला लागले, आणि मग तिच्यावर गमछे वाळायला लागले. घरी जेवताना मी छताकडे बघत असायचो. बायको म्हणाली, "ताटाकडे पाहा जरा. वरून काय वाढून राह्यलं कोनी?"

तेव्हाच आमच्या गल्लीतल्या एका घरी माता आली. देवी म्हणा, कांजण्या म्हणा, आमच्याकडे माताच म्हणतात. दाराच्या चौकटीला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता. सकाळी सायकलवरून जाताना मी पाहिलं, दूधवाल्याने भांडं लांबूनच ठेवलं, चपला काढल्या, हात जोडले आणि मागे फिरला. विजेचं मीटर पाहणारा माणूस, जो कुणाच्याही घरात बूट घालून घुसायचा, तोही पायरीवरूनच परतला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मला सुचलं ते एकदम सुचलं, विचार करायला वेळच नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण घरापासून ऑफिसपर्यंतचा सगळा रस्ता माझ्याजवळ होता, आणि डहाळे तोडायला मी मधे सायकलवरून उतरलोही होतो.

कुणी यायच्या आत मी ते डहाळे व्हरांड्याच्या दोरीला बांधले, आणि एक व्हरांड्यात उघडणाऱ्या रेकॉर्ड रूमच्या चौकटीला. मग पुढे येऊन आपल्या जागेवर बसलो.

काका आधी आले. मागे गेले, थबकले, चपला काढल्या, हात जोडले आणि आल्या पावली परत आले. "माता बसली," एवढंच ते दुसऱ्या चपराशाला हळू आवाजात म्हणाले. दुपारी व्हरांडा रिकामा होता. माठ पुढे आले, डबे पुढे आले. सगळे पुढच्या खोलीत घामाने निथळत जेवले आणि एकानेही कुरकुर केली नाही.

"देखा?" बडे बाबू म्हणाले. "सूचना ढंग से लिखो तो असर होता है." दोरीवरचा पाला त्यांनी पाहिला असेल, पण चपराशी लोकांचं काहीतरी चाललं असेल म्हणून सोडून दिलं असेल. मी खोटं बोललो नव्हतो, मी काही बोललोच नव्हतो. त्या आठवड्यात ह्या एवढ्या समजुतीवर मला शांत झोप लागली.

ऑफिसात पाणी भरायला एक बाई यायची. मागच्या बोळीत राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिचा पगार किरकोळ खर्चातून निघायचा, म्हणून ती कर्मचाऱ्यांत धरली जात नव्हती, आणि म्हणून माझी सूचना तिच्याकडे गेलीच नव्हती. तिची लहानगी नात नुकतीच मातेतून उठली होती. अंगावरच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. मावशीने व्हरांड्यातला निंब पाहिला आणि तिला ते सरळ कळलं. आपल्या घरची माता पोरीला सोडून निघाली आणि इथे येऊन बसली.

मातेला थंड ठेवावं लागतं. मावशी रोज पहाटे रेकॉर्ड रूमच्या उंबऱ्यावर तांब्याभर पाणी घालायला लागली. मग बोळीतल्या दुसऱ्या बायका येऊ लागल्या. ऑफिस उघडण्याआधी हे सगळं उरकायचं, म्हणून मला पत्ता नव्हता. मी फक्त उंबऱ्याजवळ हळद आणि फुलं पाहायचो आणि नजर फिरवायचो. एका सकाळी काही कामासाठी लवकर आलो तेव्हा पाहिलं. जमीन चिखल झालेली, आणि मातीची भिंत गुडघ्याएवढी ओली. पोकळ तुळईचं एक टोक त्याच भिंतीवर होतं. आणि भिंतीला टेकून, दोरीच्या आत, मावशीची नात झोपली होती.

"मावशी, पोरीले उचला. इथं पाणी नोका टाकू, भिंत भिजून राह्यली."

"मातेले पानी नाई टाकाचं तं काय चाय टाकाचा, बाबू?"

दुसऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"इथं माता नाही मावशी. तो निंब म्या लावला."

ती थांबली. "तुमी?"

"हौ. लोकं इथं बसू नये म्हणून."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मंग बराबर हाये," ती म्हणाली. "लावाची बुद्धी तुमाले कोनं देल्ली?" आणि तांब्यात उरलेलं पाणी तिने भिंतीच्या बुडाशी ओतलं.

मी दोरीकडे गेलो आणि डहाळ्याला हात घातला. तेवढ्यात काका येऊन पोचले होते, त्यांनी माझं मनगट धरलं. "असं नाई काढत बाबू. माता आपल्या मनानं जाते. तोडून काढली तं ते कोनाच्या घरी जाऊन बसन? या पोरीच्याच ना?"

मी शिकलेला माणूस. डहाळे मीच तोडून आणले, मीच बांधले, हे मला माहीत होतं. तरी माझा हात खाली आला. माझ्या घरीही एक रांगती मुलगी होती.

बायका पोरीला घेऊन गेल्या. मी बडे बाबूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पान तोंडात ठेवलं. "स्टाफ तो नहीं बैठता न वहाँ?"

"नहीं."

"बस. बाहर की औरतें अपनी ज़िम्मेदारी में नहीं आतीं."

हेच वाक्य ते पहिल्या दिवशी थोड्या वेगळ्या शब्दांत म्हणाले होते आणि मी हसलो होतो. आता हसू आलं नाही. त्या दुपारी ऑफिसात न जेवता घरी गेलो, आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी टाकत होती.

"लोकायले सांगता नाही आलं," ती म्हणाली, "म्हणून देवीले बोर्डासारखं टांगलं तुम्ही."

"आता काय करू?"

"मले काय इचारता? ज्याले सांगाचं त्याले सांगा."

पण सांगणं म्हणजे काय, हेच मला कळेनासं झालं होतं. लिहून झालं, सह्या झाल्या, तोंडाने सांगून झालं. खरं सांगितलं तेव्हा तर बाईने त्यातही देवीच पाहिली. घरून परत जाताना उन्हात सायकल ढकलत मी तोच विचार करत होतो. माझा स्वतःचा विश्वास कशावर बसला होता? ओव्हरसियरच्या बोलण्यावर नाही. बसला होता पेचकसावर. तो आत जाताना मी पाहिलं होतं. मी पाहिलं होतं, बडे बाबूंनी पाहिलं होतं. चपराशांना त्या वेळी आम्ही चहा आणायला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निसणी घेऊन गेलो. निसणी म्हणजे बांबूची शिडी, कवेलू फेरणाऱ्यांकडून मागून आणली होती. काकांनाही बोलावलं होतं. व्हरांड्याच्या कोरड्या टोकाला, खांबाच्या आधाराने ती लावली. बायका आल्या, मावशी पोरीला कडेवर घेऊन आली.

"मावशी, वर चढा."

"म्या? या वयात?"

"मी धरतो."

"चढ चढ," काका म्हणाले. "पडली तं माता झेलन."

"तुमाले कोन झेलन ते पाहा आधी," ती म्हणाली. पोर दुसऱ्या बाईकडे दिली, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि चढली. मी खालून सांगितलं, तिथे भोक दिसतं, त्यात बोट घाला.

तिने बोट घातलं. ते मुळापर्यंत गेलं. तिने ते बाहेर काढून पाहिलं, मग तुळईची कड दोन बोटांनी धरून ओढली, तर पंजाएवढा तुकडा हातात आला. ती तो हातात तोलत राहिली. त्याला वजनच नव्हतं.

खाली उतरल्यावर तिने पहिलं काम केलं ते नातीला घेऊन अंगणात, उन्हात नेऊन बसवण्याचं. मग परत आली.

"हे तुमाले कवापासून मालूम हाये?"

"ओव्हरसियर आला होता तवापासून."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सूचना काढली होती."

"मले?"

मी निसणी धरून उभा होतो. निंब बांधेपर्यंत ती रोज त्या तुळईखाली माठ भरत होती. सूचना लिहिताना मी पंख्याची, दाराची, रेकॉर्डची काळजी केली होती. समस्त ह्या शब्दात ती येते की नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"निंब लावाले आले तुमी," ती म्हणाली, "निसणी लावाले नाई आले."

काका चढले. त्यांनी बोट घातलं नाही, काठीने ठोकून पाहिलं, कान लावला. उतरल्यावर म्हणाले, "भुसा झाला आतून." एवढ्यात बाकीचे येत गेले आणि एकेक जण चढत गेला. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते सगळे चढले. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. पण निंब अजून दोरीला होता.

मावशीने बायकांशी विचार केला आणि येऊन सांगितलं, मातेला इथून काढून आवाराबाहेरच्या झाडाखाली बसवायचं. आजच, आताच. "आन ज्यानं आनली त्यानं न्याची."

मी चपला काढल्या. तिने हाताने एकेक डहाळा सोडला, ताटात ठेवला, हळद वाहिली आणि ताट माझ्या हातात दिलं. मी पुढे, बायका मागे. त्या हळू आवाजात गाणं म्हणत होत्या. जमीन तापायला लागली होती. खिडकीत बडे बाबू उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. मला एवढंच कळत होतं, की माझ्यामागे येणाऱ्या प्रत्येकीचं चालणं खरं आहे आणि सगळ्यांत पुढे मी आहे. झाडाखाली ताट ठेवून मी डोकं टेकलं. माफी मागितली. कुणाची, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

ती तुळई पुढे मजुरांनी दोर लावून उतरवली. कुणाच्या अंगावर ती पडली नाही. लोक हा किस्सा ऐकताना तेवढंच विचारतात, आणि ते कळलं की हसतात. मलाही वाटतं, कुणी दबलं नाही, मग तू का कुढतोस? पण त्या ओल्या भिंतीला टेकून झोपलेली पोर मी पाहिली आहे. ती वाचली त्यात माझं काहीच नव्हतं.

मी सांगत होतो त्या दिवसाचं. व्हरांड्यात आता दोरी होती आणि दोरीवर काही नव्हतं, तरी कुणी तिकडे गेलं नाही. खैरलांजीकडचे दोन शेतकरी सावली पाहून तिकडे वळले, तर मावशीने हातातली घागर खाली ठेवून त्यांना अडवलं. "तिकडं नोका बसू बाप्पा. लाकूड खाल्लेलं हाये. म्या बोट घालून पाह्यलं." ते मुकाट्याने पुढे येऊन उन्हात बसले.

दुपारी आम्ही पुढच्या खोलीत जेवत होतो. काकांनी घास हातात धरला आणि वर पाहिलं.

"बाबू, आन हे?"

सगळ्यांनी वर पाहिलं. आमच्या डोक्यावर तशीच तुळई होती, त्याच काळची. ओव्हरसियरने ती पाहिली होती का, हे मला आठवेना. मग आठवलं, पाहिली नव्हती. त्याला फक्त मागचा व्हरांडा दाखवला होता, कारण माती तिथे पडत होती. बडे बाबूंनी आपली खुर्ची हळूच भिंतीकडे ओढली.

निसणी आत आणली. मावशी पाणी ठेवायला आली होती, तिने एका बाजूने धरली. मी चढलो, धूळ पुसली, पेचकस टेकवला आणि जोर दिला. आत गेला नाही. दुसरीकडे टोचलं, तिथेही नाही. भिंतीत जाणाऱ्या टोकाशी टोचलं. लाकूड कडक होतं.

"कसं हाये, बाबू?" काकांनी खालून विचारलं.

सगळे घास धरून माझ्याकडे पाहत होते. मला लाकूड चांगलं वाटलं होतं, अगदी चांगलं. शब्द तोंडाशी आला होता. पण मी उतरलो आणि पेचकस काकांच्या हातात दिला.

"तुमी चढा," मी म्हणालो. "मी धरतो."